मेन एमसीबी ६३ चा टाकण्याआधी तार बघा

वाचकाचं पत्र :

आम्ही नागपुरात नंदनवन भागात राहतो. दुमजली घर, सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी बांधलेलं. मीटर सिंगल फेजचं. डीबी, म्हणजे एमसीबींची (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची) पेटी, जिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर आहे. घरात तीन एसी आहेत, तिन्ही दीड टनी. दोन इन्व्हर्टरचे, एक जुना साधा. हॉलसाठी दोन टनाचा चौथा घ्यायचं ठरलंय. मे लागल्यापासून रात्री तिन्ही एसी सुरू केले की अर्ध्या-पाऊण तासात मेन एमसीबी पडतो. त्यावर ‘सी ३२’ लिहिलंय. उचलला की पुन्हा थोड्या वेळाने पडतो. आमचे वायरमन म्हणतात, “वहिनी, ६३ चा टाकून देतो, चौथा एसीही आरामात चालेल.” शेजारी ६३ चाच आहे. सासरे म्हणतात एसी कमी करा, कूलर काय वाईट होता? मिस्टर नोकरीसाठी पुण्यात असतात. ते म्हणतात, वायरमन सांगतो तसं कर. मला मात्र भीती वाटते. चार एसींसाठी मेन एमसीबी नेमका किती अँपिअरचा हवा?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर :

ताई, तुम्हाला वाटणारी भीती योग्य आहे. ६३ चा एमसीबी आत्ता टाकू देऊ नका. चौथा एसी लावता येईल, तिन्ही एसी रात्रभर चालतीलही, पण त्याचा रस्ता एमसीबी बदलण्यातून जात नाही. तुमच्या घराला थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन फेजच्या तारांवरून पुरवठा, लागणार आहे, आणि त्यावर ४० अँपिअरचा, सी प्रकारचा, चार पोलचा मेन एमसीबी. हा आकडा कसा आला ते सविस्तर सांगतो, म्हणजे वायरमनशी बोलताना तुम्हाला कुणाच्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही.

मेन एमसीबीचं काम एसी चालवणं हे नाही. मीटरपासून डीबीपर्यंत भिंतीतून आलेली जी तार आहे, ती तापून जळू नये यासाठी तो बसवलेला असतो. म्हणून त्याचा आकडा आधी तार ठरवते आणि मग घरातली उपकरणं. नियम एका ओळीत मावतो : घराला लागणारा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी असावा, आणि एमसीबीचा आकडा तार जितका करंट सोसते त्याहून कमी असावा. तुमच्या वायरमनने यातला पहिला अर्धा भाग पाहिला, दुसरा सोडून दिला.

वीस वर्षांपूर्वीच्या सिंगल फेज घरांत मीटरपासून येणारी तार बहुधा ६ एमएमची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटर तांब्याची असते. कधी ४ चीही सापडते. भिंतीतल्या पाइपातून गेलेली ६ ची तार साधारण ३५ ते ४० अँपिअर सोसते, ४ ची तीसच्या आसपास. तुमच्याकडे कोणती आहे ते तारेच्या आवरणावर छापलेलं असतं. मेन बंद करून वायरमनला डीबीचं झाकण उघडायला सांगा आणि स्वतः वाचा. मेन बंद असला तरी मीटरकडून येणाऱ्या तारेत वीज जिवंतच असते, त्यामुळे हात लावू नका, फक्त बघा.

आता त्या ६ च्या तारेवर ६३ चा एमसीबी बसवला तर काय होईल? एमसीबीवरचा आकडा ओलांडला की तो लगेच पडतो, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. ज्या भारतीय मानकानुसार हे एमसीबी बनतात, त्यात असं ठरलेलं आहे की आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर तरी पडू नये, आणि १.४५ पट करंटला तासाभरात पडावा. म्हणजे ६३ चा एमसीबी ७१ अँपिअरवर तासभर गप्प राहील, आणि ९१ अँपिअरवर पडायलाही एक तास घेऊ शकेल. तुमचे चार एसी, फ्रिज आणि पंप मिळून ५० अँपिअर ओढत असतील, तर त्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. तार मात्र रात्रभर तिच्या क्षमतेबाहेर तापत राहील. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. त्यावर ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि एखाद्या वळणावर फेज-न्यूट्रल एकमेकांना भिडतात. हे भिंतीच्या आत आणि घर झोपलेलं असताना घडतं. सध्या जो ३२ चा एमसीबी तुम्हाला रोज रात्री त्रास देतोय, तो हेच होऊ देत नाहीये. तो खराब झालेला नाही.

मग प्रश्न राहतो की तो मेमध्येच का पडतो, आणि सुरू करताच न पडता पाऊण तासाने का. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झालं की चुंबकाची यंत्रणा क्षणात पाडते. जास्त भार झाला तर आतली दोन धातूंची पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका पडतो. तुमच्याकडे ही दुसरी यंत्रणा काम करतेय. ही पट्टी ३० अंश तापमान धरून जुळवलेली असते. नागपूरच्या मेमध्ये पारा ४५-४६ ला, आणि जिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर दिवसभर तापलेल्या बंद डीबीत ५० च्या पुढे सहज जातो. पट्टी आधीच गरम असल्याने ३२ चा एमसीबी तिथे साधारण २८ अँपिअरसारखा वागतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा दिवशी त्याहूनही कमी. उचलल्यावर पुन्हा लवकर पडतो, त्याचंही कारण हेच, पट्टी थंड व्हायला वेळच मिळालेला नसतो.

एसीच्या बाजूनेही हीच गोष्ट उलट दिशेने घडते. एसीवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर छापलेला करंट बाहेरचं तापमान ३५ अंश धरून मोजलेला असतो. बाहेर ४५ असेल तर कॉम्प्रेसरला उष्णता बाहेर फेकायला जास्त जोर लावावा लागतो आणि करंट वाढतो. त्यात रात्री अख्ख्या गल्लीचे एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. १६०० वॅटचा एसी २३० व्होल्टला सुमारे ७ अँपिअर घेतो, १९५ व्होल्टला तेच काम करायला ८ च्या वर. स्टॅबिलायझर लावून ही वाढ टळत नाही. तो एसीला नीट व्होल्टेज देतो, पण मागून, म्हणजे तुमच्या मेनमधून, करंट जास्तच खेचतो. म्हणून नागपुरात हिशेब करताना पट्टीवरचा साधा करंट धरू नका. बहुतेक इन्व्हर्टर एसींवर त्याच पट्टीत कमाल करंटही छापलेला असतो, तो धरा. मला तर वाटतं विदर्भात एसी विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने तो आकडा गिऱ्हाइकाला आपणहून दाखवायला हवा.

तुमच्या घरचा हिशेब मांडू. दीड टनी एसी मेच्या रात्री ९ ते १० अँपिअर, म्हणजे तिन्ही मिळून जवळपास २९. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून ५. झाले ३४. गरम डीबीत २८ सारख्या वागणाऱ्या एमसीबीवर ३४ म्हणजे सव्वापटीला थोडं कमी. तेवढ्या जादा भाराला पट्टी अर्धा-पाऊण तास घेणारच. तुम्ही पत्रात लिहिलेली वेळ याच्याशी अगदी जुळते. आता दोन टनी एसीचे १३ मिळवा, ४७ होतात. त्यात पाण्याचा एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू झाला की आणखी ६-७. सिंगल फेजवर महावितरण साधारण ४० अँपिअरपर्यंतच पुरवठा देतं. म्हणजे ५० च्या वरचा भार सिंगल फेजवर न्यायचा प्रश्नच मिटला. तार जाड केली आणि एमसीबी ६३ चा टाकला, तरी मीटर आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर तीच राहते. मग जळेल ते तिथे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इमारतींच्या वायरिंगमध्ये सगळी उपकरणं एकाच वेळी चालत नाहीत असं धरून मेन थोडा लहान घेण्याची पद्धत आहे, आणि दिवे, प्लग, मिक्सर यांना ती ठीकही आहे. नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) रात्री अकरा वाजता नागपुरातल्या घरात एसींना ती लावू नये. त्या वेळी सगळे एसी खरोखरच एकदम चालतात, आणि खोली अजून तापलेली असल्याने पूर्ण जोरावर चालतात. इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर करंट कमी करतो हे खरं, पण मेन निवडायचा तो पहिल्या तासासाठी.

थ्री फेज घेतलं की हाच भार तीन तारांवर वाटला जातो. पहिल्या फेजवर हॉलचा दोन टनी आणि खालचे दिवे-पंखे : साधारण १७. दुसऱ्यावर वरच्या मजल्यावरचे दोन दीड टनी : २०. तिसऱ्यावर उरलेला एसी, स्वयंपाकघर आणि पंप : २० च्या आसपास, आणि त्यातच कुणी गीझर लावला तर २८-२९. सगळ्यात भरलेली फेज धरून मेन निवडायचा असतो. ३२ चा गरम डीबीत पुन्हा २८ लाच येईल, म्हणून ४० चा. तो उन्हातही ३५ च्या आसपास टिकतो. त्यासाठी मीटरपासून डीबीपर्यंत १० एमएमच्या तांब्याच्या तारा हव्यात, फेजच्या तिन्ही आणि न्यूट्रलचीही. न्यूट्रल बारीक चालत नाही. चार पोलचा एमसीबी यासाठी की दुरुस्तीच्या वेळी फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. एमसीबीवर चौकोनात १०००० लिहिलेलं असेल तर तो शॉर्ट सर्किटचा दहा हजार अँपिअरचा झटका तोडू शकतो. ट्रान्सफॉर्मर घराच्या जवळ असेल तर ६००० पेक्षा हाच घ्या.

‘सी’ अक्षराविषयी. बी प्रकारचा एमसीबी आकड्याच्या ३ ते ५ पट क्षणिक करंटला पडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. तुमचा जुना साधा एसी सुरू होताना क्षणभर ४०-५० अँपिअर खेचतो. बी १६ त्याला पडण्याची शक्यता असते, सी १६ सोसतो. डी मोठ्या मोटारींसाठी, घरी नको.

प्रत्येक एसीला डीबीपासून स्वतंत्र ४ एमएमची तार आणि स्वतंत्र एमसीबी हवा. दीड टनाला सी १६, दोन टनाला सी २०. दोन टनालाही १६ पुरेल असं कुणी म्हणेल. पण १३ चा भार आणि गरमीत १४ पर्यंत उतरलेला १६, यात फरक फार थोडा राहतो. जुन्या घरांत एसी बरेचदा बाथरूमच्या गीझरच्या लाइनवरून पुढे ओढलेला असतो, तसं काही आहे का ते बघून घ्या. आणि डीबीत एसींचे एमसीबी एकमेकांना चिकटवून लावू नका. चौघेही तासन्‌तास भरून चालणार, शेजारच्याची उष्णता शेजाऱ्याला लागते आणि सगळेच लवकर पडतात. मध्ये एकेक घर रिकामं सोडावं, किंवा दिव्यांचे हलके एमसीबी मध्ये घालावेत. डीबी थोडा मोठा लागेल, तो लागू द्या. शक्य असेल तर तो पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा.

शेजारच्यांच्या ६३ विषयी. तो एमसीबी आहे की आयसोलेटर, हे बघितल्याशिवाय तुलना करू नका. दिसायला दोन्ही सारखे असतात, आणि तयार डीबीत मुख्य जागी पुष्कळदा ६३ चा आयसोलेटरच बसवलेला येतो. तो फक्त हाताने चालू-बंद करायचा स्विच आहे, जास्त भाराला किंवा शॉर्टला तो पडत नाही. एमसीबीवर आकड्याआधी अक्षर असतं, सी ३२, सी ४० असं. नुसता ६३ लिहिलेला असेल, तर तो आयसोलेटर असण्याची शक्यता जास्त. तसं निघालं तर मीटरपाशी त्यांचा खरा एमसीबी कितीचा आहे ते शेजाऱ्यांना बघायला सांगा. तिथेही काही नसेल तर त्यांचं घर आज उघड्यावर आहे, आणि हे त्यांना कळायलाच हवं.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा खटका, तुमच्या पत्रात कुठेच आला नाही, म्हणून तो घरात नसावा असं धरतो. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून करंट गेला तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, ज्याला आपल्याकडे अजून इएलसीबी म्हणतात. अख्ख्या घराला एकच लावला तर इन्व्हर्टर एसींमधली आणि संगणकांमधली थोडीथोडी गळती एकत्र होऊन तो विनाकारण पडू लागतो. मग कुणीतरी वैतागून तो काढून टाकतं, आणि घर पुन्हा बिनसंरक्षणाचं. म्हणून प्रत्येक फेजला वेगळा, ४० अँपिअरचा लावा, इन्व्हर्टर एसी आहेत म्हणून ए प्रकारचा. एका आरसीसीबीचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलला कुठेही जोडला जाता कामा नये. वायरमनकडून हमखास होणारी चूक हीच. आणि आरसीसीबी स्वतः जास्त भाराला पडत नाही, त्याच्या आधी एमसीबी असलाच पाहिजे.

थ्री फेजमध्ये एक नवा धोका येतो, तोही माहीत असू द्या. न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला किंवा न्यूट्रल तुटला, तर ज्या फेजवर भार कमी आहे तिथलं व्होल्टेज ३००-४०० कडे जाऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, एसीचे बोर्ड एका मिनिटात जातात. म्हणून न्यूट्रलचा प्रत्येक जोड लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) लावून घट्ट, आणि मेननंतर जादा व्होल्टेजला लाइन तोडणारं उपकरण. त्याच्यावरचा खर्च वायफळ नाही.

अर्थिंगही तपासून घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि नेमक्या एसीच्या दिवसांत अर्थिंग कमजोर पडतं. एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा.

सासऱ्यांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की हॉलसारख्या मोकळ्या, दारं उघडी राहणाऱ्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा चांगला कूलर दोन टनी एसीइतकंच सुख देतो, आणि घेतो जेमतेम १ अँपिअर. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा एसी लावा. पण तेव्हा बाहेर ४५ अंश नसतं. हॉलचा एसी घेणारच असाल तरी कूलर विकू नका.

आता क्रम. बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. एसी एकेक करून वाढत गेलेल्या घरांत तो बहुधा २-३ किलोवॅटच निघतो. महावितरणकडे १० किलोवॅट थ्री फेजसाठी भारवाढीचा अर्ज करा, ऑनलाइनही होतो. त्याला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा आतलं काम त्याच्याकडूनच करून घेणं सोयीचं. बिलात स्थिर आकार वाढेल, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. नवी वायरिंग झाल्यावर रात्री अकराला, चारही एसी चालू ठेवून, ठेकेदाराला क्लॅम्प मीटरने प्रत्येक फेजचा करंट मोजून दाखवायला सांगा. दुपारी चारला मोजलेला आकडा इथे कामाचा नाही.

हे सगळं होईपर्यंत ३२ चाच राहू द्या. वायरमनला या आठवड्यात बोलावून, मीटरपाशी लाइन बंद करून, मेन एमसीबीचे स्क्रू मात्र घट्ट करून घ्या. ढिला जोड तापतो, ती उष्णता पट्टीत शिरते आणि एमसीबी वेळेआधी पडतो. तारेचं टोक काळवंडलं असेल किंवा एमसीबीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर त्याच आकड्याचा, सी ३२ च, नवा बसवा. तार ४ ची निघाली तर ३२ ही जास्त आहे, तिथे २५ चा बसवावा लागेल आणि मग एका वेळी एकच एसी. ६ ची असेल तर रात्री दोन चालवा, जुना साधा बंद ठेवा, पंप आणि इस्त्री सकाळी उरका. एमसीबी पडला तर दहा-पंधरा मिनिटं थांबून, एक एसी बंद करून मगच उचला. चौथा एसी दुकानातून आला तरी थ्री फेज मिळेपर्यंत खोक्यातच राहू द्या. दुकानदार लगेच बसवून देतो म्हणाला, तर त्याला आधी डीबी दाखवा.